मला दम लागला नाही

...आणि वर मलाच विचारतात, लेलंड, तुला कळलं कसं नाही? अहो, कसं कळणार? दम लागला तर माणसाला कळतं, छातीचा भाता होतो, कानात घण बसतात, पोटऱ्या बोलायला लागतात... पण दम न लागणं ही काय कळायची गोष्ट आहे? मी तर्कशास्त्र शिकवलं हो आयुष्यभर, कारण कुठलं आणि परिणाम कुठला याची गल्लत करू नका म्हणून पोरांच्या पिढ्यान्पिढ्यांना फळ्यावर लिहून दाखवलं, आणि त्या लाल घळीत, आमच्या युटाच्या वाळवंटात, भर उन्हात, पाठीवर सॅक घेऊन मी तरण्या हरणासारखा चालत सुटलो आणि एकदाही मनात आलं नाही की प्रोफेसर, हे असं का? मला दम लागला नाही. तिथंच सगळं बिघडलं.

तुम्हाला सांगतो, आम्ही चौघं. दर वसंतात जातो, पूर येण्याआधी आणि डास येण्याआधी. एक नदीन. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, म्हणजे निवृत्त झालीय, पण ते तिला अजून कुणी कळवलेलं नाही. दुसरा तिचा नवरा ड्वाइट, ज्यानं वजन वाचवायचं म्हणून दात घासायच्या ब्रशाची दांडी करवतीनं कापली आणि पोट मात्र आहे तेवढं बरोबर आणलं. तिसरा ऑर्व्हल. ऑर्व्हल दातांचा डॉक्टर, माझा शेजारी, माझा मित्र, आणि खरं सांगायचं तर मी या भानगडीत पडलो तो त्याच्यामुळे. बायको गेल्यावर मी घरात बसून भिंतीकडे बघत होतो, तर हा आला आणि म्हणाला, "लेलंड, भिंतीच बघायच्या तर जरा मोठ्या बघू," आणि घेऊन गेला. आणि चौथा मी.

पूर्वी पाचवा होता. फेरिस. ऐंशी ओलांडलेला. तर एका वर्षी त्याला बोलावणं गेलं नाही. 'येऊ नकोस' असं कुणी म्हटलं नाही हो, आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही, नुसता एक फोन करायचा राहिला. सगळ्यांकडून राहिला. माझ्याकडूनही राहिला. फेरिस चर्चच्या जेवणाला भेटला की हसायचा, बटाट्याची भाजी वाढून घ्यायचा आणि घळीचं नावही काढायचा नाही. आणि मी त्याच्या ताटाकडे बघत मनात म्हणायचो, लेलंड, वयानं गेला बिचारा. पुढचा नंबर तुझा.

ही माझी भीती. दुसरं काही नाही. मला डोंगर जिंकायचे नव्हते, मला पुढच्या वर्षीचा फोन हवा होता.

आता माझी सॅक. माझ्या सॅकबद्दल लोक फार बोलतात. मी काळजी करणारा माणूस आहे, मला 'समजा' या शब्दाचा आजार आहे. पाण्याची गाळणी घेतली. समजा बिघडली? म्हणून दुसरी गाळणी. बॅटरी घेतली. समजा विझली? मग दुसरी बॅटरी, आणि दोन्हींचे सेल. औषधं माझी, आणि समजा दुसऱ्या कुणाला लागली तर त्यांचीही. दोर. सार्डिन माशांचे डबे. आणि एक जाड पुस्तक, कारण समजा पुरात अडकलो आणि मरायची वेळ आली, तर काय वाचायचं? नदीनच्या गॅरेजमध्ये मासे तोलायचा काटा टांगलेला आहे, निघायच्या आधी प्रत्येकाची सॅक त्याला अडकवायची, हा आमचा रिवाज. माझी अडकवली. काटा गेला खाली. नदीननं काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ती काही बोलली नाही. तुम्ही नदीनला ओळखत नाही. नदीन काही बोलली नाही म्हणजे तिचं काहीतरी ठरलं.

पहिला दिवस नेहमीसारखाच गेला. म्हणजे मी मेलो. वरून घळीत उतरायचं, गुळगुळीत खडकावरून बसत-घसरत, मग खाली वाळू, मग ओढा, ओढ्यातून चालायचं, बुटात पाणी, पाण्यात वाळू, वाळूत पाय, आणि पायावर मी. दर वळणाला नदीन मागे वळून विचारायची, "लेलंड, थांबू या का?" मी म्हणायचो हो. पुढच्या वळणाला ड्वाइट विचारायचा, "लेलंड, पाणी पितोस का?" मी म्हणायचो हो. मग ऑर्व्हल, "लेलंड, बुटातली वाळू झाडायचीय का तुला?" हो, हो, झाडायचीय. दरवेळी सगळे माझ्यासाठी थांबायचे आणि मला दरवेळी तो काटा खाली जाताना दिसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो लांब. आता हे सांगायला लागणार... आमच्या घळींचा एक नियम आहे, मागे काहीही ठेवायचं नाही. टरफल नाही, कागद नाही, काही नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही. कळलं ना तुम्हाला? कळलं, चेहऱ्यावर दिसतंय. त्यासाठी एक पिशवी मिळते, घट्ट बंद होणारी, ती बरोबर न्यायची आणि तिच्यात जे असेल ते बरोबर आणायचं, थेट गाडीपर्यंत. मी तर माझ्या पिशवीवर नावही घालतो. समजा अदलाबदल झाली तर? हसा. आणि मी लाजाळू माणूस, मी दगडामागे जातो, मग त्या दगडाच्या मागच्या दगडामागे जातो, शिवाय वाटेत ती काळी खपलीची माती, जिवंत असते ती, तिच्यावर पाय पडला तर खपली पुन्हा धरायला माझ्या उरलेल्या आयुष्याहून जास्त काळ लागतो, म्हणून तिला वळसे घालत घालत... परत येईपर्यंत ओट्सची लापशी गार झालेली. पिशवी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली आणि पुन्हा त्या कप्प्याकडे बघायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम.

मग सॅक उचलली, आणि ती आली की वर! नेहमी मला सॅक पाठीवर घ्यायला दोन माणसं आणि एक शिव्यांची फैर लागते. त्या दिवशी जणू उशी उचलली. दिसायला होती तेवढीच फुगलेली. मी चाललो. वळण आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. आणि तुम्हाला सांगतो, मला दम लागला नाही.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? सॅक उघडून बघितली असती. मी विचार केला. हाच तर माझा दोष. मी चालता चालता विचार केला की हे ओट्समुळे असणार. पुढच्या ओढ्याशी वाटलं, नाही, ओट्स तर ड्वाइटनंही खाल्ले, हे रक्तातलं काहीतरी आहे, माझे आजोबा नव्वदीत गुरं हाकायचे. दुपारपर्यंत माझी खात्री पटली की माझ्यात एक दडलेला माणूस होता आणि तो आता बाहेर पडला. संध्याकाळी मुक्कामाला नदीन म्हणाली, "तू बस लेलंड, सामान आम्ही काढतो," आणि माझी सॅक तिनं ओढून घेतली. मी म्हटलं मान देतायत. पुस्तक मागितलं तर ऑर्व्हलनं आपल्या बाजूनं पुढे केलं, "हे घे, मीच मघाशी काढून घेतलं होतं, बसायला बरं पडतं." मी म्हटलं, असेल, पुस्तक जाडच आहे.

पुढल्या सकाळी मी पुन्हा दगडामागे, पुन्हा वळसे, आणि परत येऊन उचलली तर सॅक आणखी हलकी. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होतो. पुढे, मी! ड्वाइट मागे धापा टाकत होता तर मी थांबून, नाही, थांबून नव्हे, चालता चालता मान वळवून त्याला सांगितलं, "ड्वाइट, नाकानं घे श्वास. तोंडानं घेतोस म्हणून दमतोस." ड्वाइटनं माझ्याकडे जे बघितलं ते मी तेव्हा आदर समजलो.

आणि यांचं विचारणं चालूच. "लेलंड, थांबू या का?" मी म्हणायचो, छे. "लेलंड, सावली बरी आहे इथं, पाय दुखत असतील तुझे." अजिबात नाही, चला. "लेलंड, पाणी..." प्यायलो. तुम्हाला सांगतो, मला त्या प्रत्येक प्रश्नात फेरिस दिसत होता. मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी एकदा हो म्हणालो की नदीन मनातल्या मनात खूण करणार आणि पुढच्या वर्षी फोन करायचा राहणार. म्हणून जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा नाही म्हटलं, आणि जितक्या वेळा नाही म्हटलं तितकं यांचं विचारणं वाढलं, अगदी काकुळतीला आल्यासारखं. नदीन म्हणाली, "लेलंड, तुझ्या वयाच्या माणसानं थांबण्यात कमीपणा नसतो रे." मी म्हटलं, बघा, वय काढलं. आणि चालायचा वेग वाढवला.

मग तो फाटा आला. एक बारकी घळ डावीकडून येऊन मिळते, तिच्यातून वर गेलं की लवकर रस्त्याला लागता येतं. सरळ गेलं तर अरुंद भाग, भिंती इतक्या जवळ की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतात, आणि कोरडे धबधबे, उड्या मारत उतरायचं. ड्वाइट उभ्या उभ्या भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मला काय, कुठूनही चालेल. पण लेलंडचं बघायला हवं." नदीन म्हणाली, "लेलंडला झेपेल तसं. लेलंड म्हणत असेल तर आपण वरच्या वाटेनं निघू." ऑर्व्हल खडकावर बसला होता, सॅक न काढता, कारण काढली तर परत चढवता येणार नाही असं आता मला कळतंय. घामानं त्याचा चष्मा नाकाच्या टोकाला आला होता. त्यानं मला जवळ बोलावलं.

"लेलंड, आपल्या दोघांतच राहू दे. दमलास ना?"

"नाही रे."

"थोडा तरी?"

"ऑर्व्हल, मी अशा अजून दोन घळी चालेन."

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, "बरं." बस, इतकंच. ते 'बरं' माझ्या कानात अजून आहे. आमच्याकडची माणसं अशी आहेत हो, वाळवंटात जन्मलेली, गुडघा निखळून हातात येईल पण 'मी दमलो' म्हणणार नाहीत. त्यांच्या बापांनी म्हटलं नाही, आज्यांनी म्हटलं नाही. आणि मी, ज्याला बारा महिने दमायचं वरदान आहे, मला नेमका त्या दिवशी दम लागला नाही.

गेलो सरळ.

दुसऱ्या की तिसऱ्या कोरड्या धबधब्याशी मी उडी मारून उतरलो होतो, खाली उभा राहून वर हात करून सांगत होतो, सोपं आहे, या. ऑर्व्हल आला. सॅकनं त्याला मागून ढकललं म्हणा, सॅक त्याच्या आधी खाली यायला निघाली म्हणा. आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. तो ओरडला नाही. वाळूत बसला आणि गुडघ्याकडे बघून म्हणाला, "हे काढावं लागणार." दाढेबद्दल बोलल्यासारखं.

नदीननं तिच्याकडचं ते मदत मागायचं यंत्र काढलं, बटण दाबलं. आता वाट बघायची. मी म्हटलं ऑर्व्हलच्या डोक्याखाली काहीतरी घालू, त्याचं अंथरूण काढू, म्हणून त्याची सॅक उघडली.

"लेलंड, ती नको," नदीन म्हणाली.

पण मी उघडली होती. वर माझं पुस्तक. त्याखाली माझी दुसरी गाळणी. मग पहिली गाळणी. माझे सार्डिनचे डबे, माझा दोर, माझी औषधं, त्यांची औषधं, तंबूच्या काठ्या ज्या मी आणल्या होत्या. मी काढत गेलो आणि वाळूत मांडत गेलो. मग मी माझी सॅक उघडली. तिच्यात नदीनचं पिसांचं जाकीट, ड्वाइटचं पिसांचं जाकीट, आणि दोन उशा, फुंकून फुगवायच्या. फुगवलेल्या. माझ्यातला दडलेला माणूस तो हाच, हवेचा.

आणि सगळ्यात खाली, ऑर्व्हलच्या सॅकच्या तळाशी, स्वच्छ गुंडाळून ठेवलेल्या... माझ्या त्या पिशव्या. माझं नाव घातलेल्या.

तुम्ही हसताय. हसा. पण मला सांगा, आजवर तुमच्यासाठी कुणी काय काय वाहिलंय? मी धर्मग्रंथ वाचलेत, नीतिशास्त्र वाचलंय, मैत्रीची व्याख्या पोरांना लिहून दिलीय. कुठल्याही पानावर हे नाही. मी ऑर्व्हलकडे बघितलं तर तो दुसरीकडे बघत म्हणाला, "वजनाला काही फार नव्हत्या."

हेलिकॉप्टर आलं, ऑर्व्हलला घेऊन गेलं. त्यांनी सांगितलं, माणूस नेऊ, सामान नाही. तेव्हा माझं सगळं माझ्या पाठीवर आलं आणि ऑर्व्हलचंही थोडं आलं, आणि आम्ही तिघं मागे फाट्याकडे वळून वरच्या वाटेनं बाहेर पडायला निघालो. आणि दहा पावलांवर, काय सांगू, भाता, घण, पोटऱ्या, सगळे जुने सोबती हजर. मी म्हटलं, मला थांबायला हवं. ते म्हणताना लाजेनं मेलो.

म्हणजे मी म्हटलं आणि मागे वळलो तर हे दोघं आधीच बसलेले. बसलेले नव्हे, पडलेले. ड्वाइट सॅकसकट उताणा, कासवासारखा. नदीननं बूट काढून पाय ओढ्यात सोडले होते आणि डोळे मिटले होते. ड्वाइट आभाळाकडे बघत म्हणाला, "देवा, किती दिवसांनी." पुढे दर वळणाला मी थांबलो आणि दर वळणाला हे माझ्या आधी खाली. वर पोचलो तेव्हा नदीन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "छान चाललास आज." आणि मी मघापासून रांगत होतो हो!

ऑर्व्हलला घरी आणल्यावर मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. पाय लांब केलेला, पट्ट्यात. डॉक्टर म्हणालेत घरातल्या घरात चालेल, अंगणात चालेल, घळ नाही. पुन्हा नाही. मी म्हटलं, "ऑर्व्हल, माझं ओझं घेतलंस ते घेतलंस, निदान सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू दिलं असतंस?"

"आणि तुला दम लागला होता तर थांबायचंस ना."

"मी कसा थांबणार? थांबतोस तू. आम्ही तुझ्यासाठी थांबतो. इतकी वर्षं तसंच चाललंय. तू हुश्श म्हटलंस की नदीनचे पाय सुटतात, ड्वाइटला खायला मिळतं, आणि माझा गुडघा... माझा गुडघा त्या थांबण्यावरच तर टिकला होता." मग म्हणाला, "यंदा काट्यावर तुझी सॅक बघून नदीनला भीती वाटली, तू वाटेत मरशील. म्हणून काढलं थोडं. जरा जास्तच काढलं गेलं. तू थांबेचनास. आता आपणच हलकी केलेली सॅक परत जड कशी करायची? तू दगडामागे गेलास की काहीतरी आत टाकावं म्हणून ड्वाइटनं एकदा दगडही शोधला होता."

मी म्हटलं, "मला वाटलं मी दमलो तर पुढच्या वर्षी बोलावणार नाही. फेरिससारखं."

ऑर्व्हलनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी परीक्षेत कोरा कागद दिलेल्या पोराकडे बघायचो. "फेरिसला का नाही बोलावलं, वाटतं तुला?"

"वय."

"वय कसलं? तू मागे थांबलास तरी फेरिस थांबायचाच नाही, लेलंड. घोडा होता तो. दोन वर्षं आम्ही त्याच्या मागे धावलो आणि एकालाही म्हणायची हिंमत झाली नाही की बाबा रे, बस जरा."

म्हणजे बघा. ऐंशीच्या माणसाचा फोन राहिला, मी कारण लावलं वय. सॅक हलकी झाली, मी कारण लावलं ओट्स. आणि मला तर्कशास्त्राबद्दल पदक मिळालंय, पितळी, भिंतीवर आहे. फेरिसकडे मी परवा गेलो. बसलो. तो म्हणाला, "चालायला येतोस?" गेलो. मला तीन कोपऱ्यांवर थांबावं लागलं आणि तो तिन्ही वेळा जागच्या जागी पाय हलवत उभा.

आणि काल नदीनचा फोन आला. पुढच्या वसंताचा. आला हो फोन, ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं तो फोन आला, आणि ती म्हणते, "येणार ना? आणि हे बघ, दोन्ही गाळण्या घे. पुस्तक घे. या खेपेला दोन पुस्तकं घेतलीस तरी चालेल." मी म्हटलं, नदीन, मला फार दम लागतो. ती म्हणाली, "म्हणून तर."

मला यायचं नाही असं सांगायचं होतं. ऑर्व्हल नसलेल्या घळीत मी काय भिंती बघू? संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन तेच म्हटलं, की तू नाहीस तर मीही नाही, मी इथं तुझ्यापाशी बसेन. त्यानं पाय जरा उचलून उशीवर नीट ठेवला, त्याला किती दुखतं ते तोंडावर येऊ न देता, आणि म्हणाला,

"नको. तू जा. आणि माझ्या वाटचंही दमून ये."

जातोय.